अर्धा सूर चढलेली समीक्षा

तीन वर्षांपूर्वी मी अभंगांच्या एका जुन्या कॅसेटवर लेख लिहिला होता. त्या कॅसेटची डिजिटल आवृत्ती तेव्हा नुकतीच ऐकायला मिळू लागली होती, आणि ती ऐकून मला रागच आला होता. नव्या आवृत्तीत गायकाचा आवाज ‘बसवला’ आहे, लय ‘ओढली’ आहे, मूळ कॅसेटमधली तडफ यंत्रांच्या नादी लागून घालवली आहे, असं मी ठासून लिहिलं होतं. लेख लोकांना आवडला. ‘अगदी आमच्या मनातलं बोललात’ असं कळवणारे बरेच निघाले. जुनं ते सोनं म्हणणाऱ्या लेखाला आपल्याकडे सहसा विरोधक मिळत नाहीत.

तो लेख चुकला होता. सगळाच नाही, पण ज्या भागाचं कौतुक झालं, नेमका तोच. चूक कशी सापडली ते सांगतो, कारण ती माझ्या एकट्याची आहे असं आता मला वाटत नाही. गायकाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष त्यांचा नव्हताच. दोष होता आमच्या घरातल्या एका यंत्राचा, आणि ते यंत्र उघडून न बघता त्याच्यावर विसंबलेल्या माझा.

*

मानवत म्हटलं की बाहेरच्या माणसाला सत्तरच्या दशकातलं हत्याकांड आठवतं. आता तर त्यावर वेबमालिकाही येऊन गेली. आम्हा इथल्यांना आठवतो तो कापूस. हंगामात बाजार समितीच्या रस्त्याला लागलेल्या गाड्या, जिनिंगचा दिवसरात्र चालणारा घरघराट, आणि हवेतून येऊन खिडकीच्या जाळीला, कोळिष्टकांना, ओल्या कपड्यांना चिकटणारी रुईची तूस. ही तूस या लेखात पुन्हा येणार आहे.

आमच्याकडे एक टू-इन-वन आहे: रेडिओ आणि कॅसेट एकत्र. मामांनी तो १९८९ साली परभणीहून आणला, तोही जुनाच, दुसऱ्या कुणीतरी वापरून विकलेला. माझं गाणं ऐकणं त्यावर सुरू झालं. संध्याकाळी आकाशवाणी परभणी, आणि लाइट गेली नसेल तर रात्री कॅसेट. कोणता आवाज मोकळा, कोणता दाबलेला, कोणती लय चालती, कोणती रेंगाळलेली, हे सगळं कानात बसलं ते या पेटीसमोर. पुढे मी संगीतावर लिहायला लागलो, मोठ्या शहरांत जाऊन मैफली ऐकल्या, पण कानातली फूटपट्टी हीच राहिली.

मध्यंतरी वीसेक वर्षं ही पेटी माळ्यावर पडून होती. गेल्या पावसाळ्यात ती खाली काढली. बटण दाबलं तर आत काहीच हललं नाही, नुसता ‘घूं’ असा जाड आवाज आला. गावात आता रेडिओ दुरुस्त करणारं कुणी उरलेलं नाही. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने पेटीकडे बघून ‘हे काय चालायचं नाही सर’ असं सांगून टाकलं. मग मीच पाना-पेचकस घेऊन बसलो.

जुनी, अनोळखी पेटी थेट प्लगमध्ये खुपसायची नसते, हे मला ठाऊक होतं. जुने मिस्त्री सिरीज बोर्ड वापरायचे. साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लाइनमध्ये अशा तऱ्हेने जोडायचा की पेटीला जाणारा सगळा प्रवाह त्यातून गेला पाहिजे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पेटी वाचते. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब मंद झाला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिवंत होता.

मग एकेक दोष बाजूला काढत गेलो. ‘घूं’चा उगम पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये होता. तो आतून सुकला होता. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ती डायोडमधून गेली की शंभर धक्के होतात, आणि ते धक्के पोटात घेऊन प्रवाह सपाट करणं हे त्या कंडेन्सरचं काम. तो थकला की शंभर हर्ट्झची घरघर गाण्याखाली सतरंजीसारखी पसरते. नवा कंडेन्सर टाकला, घरघर गेली. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर व्हायची, ती आतल्या कार्बनच्या पट्टीवर साचलेल्या मळाची. स्प्रे मारून वीसदा इकडून तिकडे फिरवल्यावर तीही गेली. बोर्डावरच्या दोन टाक्यांना बारीक गोल चिरा पडल्या होत्या, त्यांना नवं सोल्डर दिलं.

खरी कसरत कॅसेटच्या बाजूला होती. मोटरपासून फ्लायव्हीलपर्यंत जाणारा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. तो काडीने खरवडून काढावा लागला. आणि कॅपस्टनवर, म्हणजे टेपला नेमक्या वेगाने ओढणाऱ्या त्या सुईएवढ्या दांड्यावर, रुईची तूस गुंडाळून बसली होती. वर्षानुवर्षांच्या टेपांची तपकिरी पूड मिसळून तिचं नमद्यासारखं कडं झालं होतं. मानवतचा कापूस अगदी इथपर्यंत पोचलेला. कापसाच्याच बोळ्याने, औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिलने तो कापूस साफ केला. शेजारचा रबराचा रोलर कडक होऊन चकाकत होता, तो बदलला. हेडचा कोन किंचित ढळला होता. तो ढळला की वरचे स्वर मरतात आणि गायक घोंगडं पांघरून गातोय असं वाटतं. शेजारचा स्क्रू केसभर केसभर फिरवत, झांज सगळ्यात लखलखीत कुठे वाजते ते कानाने पकडलं.

नवा बेल्ट चढवला, ती अभंगांची कॅसेट घातली, आणि तो आवाज आला. तोच खडा, तोच पुढे झेपावणारा. माझा लेख किती बरोबर होता याचा मला पुन्हा एकदा आनंद झाला. तो सुमारे पाऊण तास टिकला.

*

झाकण लावायच्या आधी मोटरच्या पाठीकडे लक्ष गेलं. अशा मोटरच्या मागे बारीक भोक असतं आणि आत वेग कमीजास्त करायचा स्क्रू. या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब होता. बसवलेला स्क्रू हलू नये म्हणून मिस्त्री असा थेंब टाकतात. कारखान्यातून निघालेल्या मोटरवर नेलपॉलिश नसतं. म्हणजे कुणीतरी वेग बदलला होता, आणि बदलून झाल्यावर तो कायम केला होता.

वेग मोजायचा तर ठरलेल्या सुराची चाचणी कॅसेट लागते. ती माझ्याकडे नव्हती. पण कॅसेटचा वेग हे काही गुपित नाही. १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात ही चीज मांडली तेव्हापासून तो सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर आहे. शंभर सेकंदांत ४७६ सेंटीमीटर टेप हेडवरून गेली पाहिजे. बस्स, एवढं पुरे होतं. एका रद्दी कॅसेटवर मोबाइलमधला तानपुरा भरला. ती उघडून टेप बैठकीच्या फरशीवर न ताणता पसरली. शिंप्याच्या टेपने मोजलं: दीडशेची पट्टी तीनदा, आणि वर २६ सेंटीमीटर. तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकांना कोऱ्या पट्ट्या जोडल्या आणि पुन्हा कॅसेटमध्ये गुंडाळला. आता तानपुरा सुरू झाला की घड्याळ दाबायचं, थांबला की थांबवायचं.

९४.१. पुन्हा केलं. ९४.४. आणखी एकदा. ९४.२.

शंभराला चौऱ्याण्णव. म्हणजे आमची पेटी सहा टक्क्यांहून थोडी जास्तच वेगाने पळत होती. बारा स्वरांच्या सप्तकात एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जायला ५.९५ टक्के लागतात. काळी एकमध्ये गाणारा माणूस आमच्या घरी पांढरी दोनमध्ये गात होता. सहा मिनिटांचा अभंग पाच मिनिटं एकोणचाळीस सेकंदांत संपत होता. टेप पळाली की नुसता सूर चढत नाही. गळ्यातल्या पोकळीचा घुमाराही त्याच प्रमाणात वर सरकतो, त्यामुळे माणूस तरुण, सडपातळ, थोडा अधीर वाटायला लागतो. ज्याला मी ‘तडफ’ म्हटलं होतं ते हे सहा टक्के होते.

पण हा दोष आत्ताचा की तेव्हाचा? नवा बेल्ट तर मीच टाकला होता. पुरावा घरातच होता. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची, याच पेटीवर भरलेली एक कॅसेट. तिच्यावर मामांच्या अक्षरात १९९३. नेलपॉलिश खरवडून मी वेग बरोबर केला, तानपुरा शंभर सेकंद वाजला याची खात्री केली आणि ती कॅसेट लावली. पळत्या यंत्रावर भरलेली टेप बरोबर यंत्रावर वाजवली तर ती संथ आणि खाली उतरलेली ऐकू यायला हवी. तसंच झालं. सगळं मंडळ एकदम म्हातारं झालं. टाळ दमले, आणि मृदंग चिखलातून चालल्यासारखा वाजू लागला. टेपवर लाइटची घरघरही उतरली होती. लॅपटॉपवर घेऊन पाहिलं तर ती पन्नासच्या ठिकाणी ४६ हर्ट्झच्या जरा वर दिसली. वेगाचा फरक वजा केला की ४९ येते. त्या काळी विजेचा तुटवडा असला की ग्रिडची आवर्तनं पन्नासच्या खाली घसरायची. म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवून मोजायचं तेही डुगडुगतच होतं. तरी ९३ साली पेटी पळत होती, यात शंका उरली नाही. माझं ऐकण्याचं सगळं वय त्यात आलं.

गावात एक वयस्कर गृहस्थ आहेत, पूर्वी रेडिओ-टेपची दुरुस्ती करायचे. त्यांना जाऊन विचारलं, वेगाचा स्क्रू तुम्ही लोक कशाला फिरवायचे?

“बेल्ट ढिला झाला की गाणं रडायला लागायचं सर,” ते म्हणाले. “नवा बेल्ट कधी भेटायचा, कधी नाही. मग मोटरचा इस्क्रू जरासा फिरवून द्यायचा. गिऱ्हाईक खूश.”

“आणि नंतर कुणी नवा बेल्ट टाकला की?”

“मग कोण बघतंय हो? उलट आवाज खडा झाला की लोकांना वाटायचं, मिस्त्रीनं काम झ्याक केलं.”

ते हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या गिऱ्हाइकाचं काम मी छापील मराठीत केलं होतं.

*

इथे प्रश्न सुरू होतो तो समीक्षेचा. आपल्या संगीतविषयक लेखनात आवाजासाठी केवढी विशेषणं आहेत: टोकदार, पल्लेदार, घुमारदार, खडा, रुंद, ओलसर. ती आपण गळ्याला लावतो. पण गेल्या शंभर वर्षांत आपण ऐकलेल्या आवाजांपैकी बहुतेक आवाज गळ्यातून थेट कानात आलेलेच नाहीत. मधे कर्णा होता, मेणाची किंवा लाखेची तबकडी होती, टेप होती, रेडिओ होता. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं. त्याआधी गायक-गायिकेला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि त्या कर्ण्याला ना धड खर्ज पकडता येई, ना वरची चमक. त्यात जे आवाज उमटले ते टोकदार. मग जुन्या पिढीचे आवाज टोकदारच होते असं आपण लिहितो. होतेही असतील. पण ती साक्ष कर्ण्याची आहे आणि कर्ण्याला तेवढंच दिसत होतं.

वेगाचंही तसंच. ‘अठ्ठ्याहत्तरची’ तबकडी असं आपण सरसकट म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग सगळीकडे एकच नव्हता. कुठे सत्तरीच्या घरात, कुठे ऐंशीच्या पुढे. एकाच वर्षीच्या तबकड्यांतही फरक सापडतो. पुढे प्रमाण ठरलं तेही पूर्णांकात नाही. वेग तपासायला काळ्या-पांढऱ्या रेघांची चकती ठेवतात. पन्नास आवर्तनांच्या विजेवर चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मिणमिणते. त्या प्रकाशात ७७ रेघांची चकती स्थिर दिसली तर वेग आहे ७७.९२. साठ आवर्तनांच्या देशात रेघा ९२ आणि वेग ७८.२६. ‘अठ्ठ्याहत्तर’ हे या दोन्हींचं घरगुती नाव.

अब्दुल करीम खाँसाहेबांची पहिली मुद्रणं १९०५च्या सुमाराची. त्या तबकड्या वाजवताना वेग कोणता धरायचा, यावर त्यांची पट्टी ठरते, तानेची गती ठरते, आवाजाचं वयही ठरतं. भीमसेन जोशी लहानपणी खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून वेडावले आणि गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ही गोष्ट आपण भाविकपणे सांगतो. मला आता त्या दुकानातल्या ग्रामोफोनबद्दल कुतूहल वाटतं. चावीचं यंत्र, चावी पूर्ण दिलेली असताना आणि उतरत आलेली असताना त्याचा वेग सारखा राहण्याची खात्री कुणी द्यावी? कुमार गंधर्व पोरवयात गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवत. ते हुबेहूब कशाच्या? गायकाच्या की त्या चाकाच्या? यात त्या दोघांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. एवढंच की, आपल्या गाण्याच्या इतिहासात कुठेतरी एक स्प्रिंग आणि एक स्क्रूही बसलेला आहे आणि त्याचं नाव आपण घेत नाही.

मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९०पासून हे काम करते आहे. कोणती तबकडी, कोणता क्रमांक, कधी भरली याची नोंद करणं. हे काम रसिकांना रूक्ष वाटतं. मलाही वाटायचं. आता वाटतं की, या नोंदींच्या आधी लिहिलेली रसाळ समीक्षा ही तारीख न घातलेल्या पत्रासारखी आहे. भाव खरा असेल, पण पुराव्याला चालत नाही.

*

इथवर आलेला वाचक म्हणेल, म्हणजे उत्तम यंत्र, अचूक वेग, बंद खोली आणि महागडे स्पीकर यांच्याशिवाय गाण्यावर बोलूच नये का? नाही. त्या वाटेने गेलो तर दुसऱ्या खड्ड्यात पडू. त्या खड्ड्यात आपली शहरी समीक्षा कधीची बसलेली आहे.

प्रल्हाद शिंदे यांचं उदाहरण घेऊ. विठ्ठलभक्तीची गीतं, कव्वाली, भीमगीतं असं सगळं गायलेला हा गायक मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. तरी ‘मराठी भावसंगीताची वाटचाल’ असा मथळा आला की ‘गीतरामायण’ येतं, रेडिओवरची भावगीतं येतात आणि या आवाजाला बहुधा शेवटच्या परिच्छेदात ‘लोकप्रिय’ हा शब्द देऊन वाटेला लावलं जातं. आवाज कर्कश आहे, मुद्रण भडक आहे, वाद्यं अंगावर येतात, ही तक्रार मी चांगल्या जाणकारांकडून ऐकली आहे. ती ऐकली बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात ठेवलेल्या स्पीकरसमोर.

हाच आवाज १४ एप्रिलला मानवतच्या रस्त्यावर ऐकावा. टेम्पोवर बांधलेला लोखंडी भोंगा, खाली जनरेटरची धडधड, ढोल, माणसांचा लोंढा. भोंगा खर्ज जवळजवळ टाकूनच देतो, अगदी वरची चमकही टाकतो, आणि मधला पट्टा तेवढा जिवाच्या आकांताने फेकतो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो त्याच पट्ट्याच्या वरच्या अंगाला, दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास. शब्दांतली व्यंजनं कळतात तीही तिथेच. गाण्यातला शब्द अन् शब्द कळायला हवा असेल, आणि भीमगीतात तो कळलाच पाहिजे कारण तिथे शब्द हाच निरोप असतो, तर आवाज तिथे राहायला हवा. प्रल्हाद शिंदेंचा राहतो. अर्धा किलोमीटर लांबून, जनरेटरच्या वरून, प्रत्येक अक्षर पोचतं. बैठकीत ज्याला कर्कश म्हटलं तेच इथे काम करत असतं. मऊ, कानाशी गुणगुणणारा आवाज या भोंग्यातून फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखा गळून जाईल.

पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३च्या पुस्तकात उत्तर भारताबद्दल दाखवून दिलं आहे की, स्वस्त कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक गाण्यांना वाट करून दिली. आमच्याकडेही तेच झालं. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराचं गाणं आधी जलशातून, माणसाच्या तोंडून गावोगाव जात होतं. कॅसेट आल्यावर तशी गाणी पिशवीतून जाऊ लागली. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ असा चालला, तीच कॅसेट गावोगाव पोचण्याची वर्षं. ती गाणी ज्या यंत्रांवर वाजली ती अशीच होती: दुसऱ्या-तिसऱ्या हाताची, ढिल्या बेल्टची, गावातल्या मिस्त्रीने चार आण्याच्या पार्टवर जगवलेली. त्यांतली किती पळत होती आणि किती रडत होती कोण जाणे. पण ही यंत्रं त्या गाण्यांच्या वाटेतली अडचण नव्हती. ती वाटच होती. भोंग्यासाठी केलेलं गाणं बंद खोलीत मोजून त्याला कमी गुण देणं, ही माझ्या सहा टक्क्यांसारखीच चूक आहे. फरक एवढाच की मला माझं यंत्र ऐकू येत नव्हतं, आणि त्या जाणकाराला त्याची खोली ऐकू येत नाही. माझी चूक फरशीवर टेप पसरून सापडली. त्याची कशी सापडणार? त्या चुकीला जात आणि वर्ग यांचा जाड गालिचा आहे, त्यावर पावलांचा आवाज होत नाही.

*

आता माझ्या जुन्या लेखाकडे. दुरुस्त पेटीवर मूळ कॅसेट आणि लॅपटॉपवर डिजिटल आवृत्ती, अशी दोन्ही पाठोपाठ ऐकली. पट्टी जुळली, लयही जुळली. ‘आवाज बसवला’ हे माझं वाक्य खोटं. ‘लय ओढली’ हेही खोटं. ही दोन्ही वाक्यं मी मागे घेतो. ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांनीही, जमल्यास, आपापली पेटी एकदा उघडून बघावी.

पण एक गोष्ट उरली. कॅसेटवर दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी गायक श्वास घेतात. बऱ्यापैकी मोठा श्वास आहे, वर टेपची सळसळ आहे, मागे तंबोरा चालू आहे. डिजिटल आवृत्तीत सळसळ पुसताना तो श्वासही पुसला गेला आहे, आणि त्याबरोबर तंबोऱ्याची तार एक क्षणभर तुटते. गाणारा माणूस तिथे नाहीसा होतो आणि पुढच्या शब्दावर पुन्हा उगवतो. हे मी पाचदा ऐकलं, हेडफोन लावून ऐकलं, बायकोला काही न सांगता ऐकवलं. तिने बरोबर तिथेच मान वर केली. माझ्या दोन हजार शब्दांच्या लेखातून एवढं एक वाक्य खरं निघालं असतं, आणि नेमकं तेच मी लिहिलं नव्हतं. रागात असताना श्वास ऐकू येत नाही.

आई पंचाहत्तरीची आहे. दुपारी तिच्यासमोर कॅसेट लावली, काही बोललो नाही. पहिल्या ओळीला ती म्हणाली, “हा तो आवाज नाही रे.” मला वाटलं, आता हिला समजावत बसावं लागणार. पण धृपद परत आलं तेव्हा ती बरोबर म्हणू लागली, शेंगा फोडता फोडता, शेवटपर्यंत. संपल्यावर म्हणाली, “तेव्हा वर चढताना माझा गळा दाटायचा. आज नाही दाटला.” तीसेक वर्षं तिला वाटत होतं, आपल्याला गाता येत नाही.

मी स्क्रूवर नेलपॉलिशचा नवा थेंब टाकला. मुलीच्या बाटलीतलं, जांभळं. मग एक चिठ्ठी लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली: बेल्ट बदलला, रोलर बदलला, कंडेन्सर बदलला, वेग ४७६ सेंटीमीटरला शंभर सेकंद असा लावला, खाली तारीख. पुढे हा बेल्टही ढिला होईल, आणि कुणीतरी घाईत हा स्क्रू फिरवेल. निदान कुठून फिरवला, ते त्याला कळावं.

यापुढे गाण्यावर लिहीन तेव्हा लेखाच्या शेवटी अशीच एक ओळ घालीन: कशावर ऐकलं, कुठे ऐकलं, किती वेळा ऐकलं. या लेखापुरती ती अशी. तीन दशकं जुनी कॅसेट, तिच्याहूनही जुना टू-इन-वन, मानवतच्या घरातली बैठक; खिडकी उघडी, बाहेर जिनिंग चालू.